वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे पटकी (कॉलरा) व प्लेग या रोगांवर लस तयार करणारे सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते. मुंबईतील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पूर्वायुष्य

हाफकिन यांचा जन्म रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात ते इल्या मेच्निकोव्ह यांचे विद्यार्थी होते. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. जुलै १८९२ मध्ये त्यांनी पटकीवरील लशीचा पहिला मानवी प्रयोग स्वतःवर केला. १८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये लोकांचा संशय दूर व्हावा म्हणून त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी आधी सर्वांसमोर स्वतःला लस टोचून घेतली.

मुंबईतील प्लेग

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरल्यावर सरकारने हाफकिन यांना तेथे पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. या वेळची मात्रा पुढे लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेपेक्षा मोठी होती. त्यांना ताप व वेदना झाल्या, परंतु ते लवकरच बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. तिसरे आगाखान यांनीही जाहीरपणे लस टोचून घेतली आणि कामासाठी जागा उपलब्ध करून दिली.

याच काळात सरकारने सक्तीचा मार्ग अवलंबला होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात सैनिकांकरवी घरांची झडती घेण्यात आली आणि रुग्णांना कुटुंबापासून वेगळे करण्यात आले. त्यातून उसळलेल्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील गोळीबारात झाली. लस मात्र मुख्यतः ऐच्छिकच राहिली. ती घेणाऱ्यांना काही ठिकाणी विलगीकरणाच्या निर्बंधांतून सूट मिळे. लशीमुळे संपूर्ण संरक्षण मिळत नसले, तरी रोगाचा व मृत्यूचा धोका बराच कमी होई. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलवण्यात आली.

मलकोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. विश्वासाने पुढे आलेल्या लोकांच्या या मृत्यूंचा ठपका प्रथम प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली असावी, असे त्यांचे समर्थक मांडत होते. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले व पुन्हा कलकत्त्यात कामावर रुजू झाले. संचालकपद मात्र त्यांना परत मिळाले नाही.

उत्तरायुष्य व स्मृती

निवृत्तीनंतर ते युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. प्रयोगाचा धोका आधी स्वतः पत्करणे आणि इतरांच्या बाबतीत त्यांच्या संमतीवर भर देणे, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य मानले जाते.