गांधीजींच्या कमरेच्या घड्याळाला इतकी किंमत का मिळाली?

मोहनदास गांधी यांचा जन्म 1869 साली पोरबंदरचा. लंडनमध्ये बॅरिस्टर झाले, दक्षिण आफ्रिकेत लढले आणि 1936 पासून वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहिले. अंगावर पंचा, कमरेला लटकणारं घड्याळ. पहाटेच्या प्रार्थनेपासून सूतकताईपर्यंत सगळं ठरल्या वेळी!

इंदिरा गांधींनी दिलेलं त्यांचं झेनिथ कंपनीचं चांदीचं गजराचं घड्याळ 1947 मध्ये कानपूर स्टेशनवर चोरीला गेलं. अपरिग्रह पाळणाऱ्या गांधीजींनाही त्याची रुखरुख लागली. काही महिन्यांनी चोराने ते परत आणून दिलं.

30 जानेवारी 1948 ला सरदार पटेलांशी बोलणं लांबलं, पाचच्या प्रार्थनेला उशीर झाला. त्याच वाटेवर त्यांची हत्या झाली.

मार्च 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हे घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट मिळून 18 लाख डॉलरला गेलं. अंदाज होता 20 ते 30 हजारांचा! बोली विजय मल्ल्यांनी जिंकली.

जुनं घड्याळ घेताना चार गोष्टी बघतात: डायल मूळची की पुन्हा रंगवलेली, केस घासून झिजवलेली आहे का, आतलं मशीन त्याच घड्याळाचं आहे का आणि ते कुणाच्या हातून आलं याचा पुरावा. पहिल्या तीन गोष्टींवर झेनिथला साध्या जुन्या घड्याळाचाच भाव मिळाला असता. बाकीचे पैसे चौथीचे, म्हणजे ते बाळगणाऱ्या माणसाचे. म्हणूनच नुसत्या गोष्टीवर पैसे मोजू नका, कागद मागा.