दादासाहेब फाळके आणि सजीवांचे चित्र

प्राणिसंग्रहालयात जाऊन आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या संग्रही एक तरी असे छायाचित्र असते की, ज्यात वाघापेक्षा पिंजऱ्याचे गजच अधिक स्पष्ट दिसतात. प्राणी पाठ फिरवून बसलेला, काचेवर आपलेच प्रतिबिंब पडलेले, आणि ऊन नेमके भलत्या बाजूने आलेले! करंजाड्याहून भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाणाऱ्या आपल्या विद्यार्थिवर्गास हा अनुभव नवा नसेल. सजीव प्राण्यास हुकूम करता येत नाही. मग त्याचे चित्र चांगले यावे कसे? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका थोर महाराष्ट्रीयाच्या चरित्रात आढळते. ते गृहस्थ म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके होत.

दादासाहेबांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे एका मिशनरी विद्यालयातच, संस्कृत शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली व कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजांनी 1885 साली जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर त्यांस छायाचित्रणाचा नाद लागला. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला. परंतु 1900 च्या सुमारास प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. ते पुन्हा बडोद्यास आले. तेथे कॅमेरा माणसाची प्राणशक्ती शोषून घेतो, अशी लोकांची भाबडी समजूत पसरली होती. अर्थात् धंदा बसला. पुढे पुराणवस्तु खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्यास छापखाना, अशी स्थित्यंतरे झाली. चाळिशी आली तरी स्थैर्य कसे ते लाभले नव्हते.

अशा अवस्थेत 1910-11 च्या सुमारास ते थोरला मुलगा भालचंद्र यास घेऊन गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात गेले. पडद्यावर जिवंत जनावरे हिंडताना पाहून मुलगा थक्क झाला. घरी आल्यावर त्याने ती हकीकत आईस सांगितली; पण कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी सर्व कुटुंबास तेथे नेले. त्या दिवशी जनावरांच्या ऐवजी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट दाखविण्यात आला. तो पाहता पाहता, आपल्या देशातील राम-कृष्णांची चरित्रे अशीच पडद्यावर आणावी, हा विचार त्यांच्या मनाने घेतला.

तेव्हापासून चित्रपट पाहणे व त्यांच्या तंत्राचा अभ्यास करणे हाच त्यांचा दिनक्रम झाला. विश्रांती नाही, झोप नाही. त्यामुळे डोळ्यांवर असा ताण पडला की, काही काळ दृष्टीच गेली. ज्याचे सर्वस्व डोळ्यांत, त्याच्यावर याहून मोठा घाला कोणता? सुदैवाने उपचारांनी व चष्म्यांनी दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि 1912 च्या फेब्रुवारीत लंडन गाठले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहून व विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन ते एप्रिलमध्ये परतले.

आता भांडवल कोण देणार? लोकांची खात्री पटविण्यासाठी दादासाहेबांनी जो पहिला नट निवडला, तो एक वाटाणा होता! कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी तिच्यासमोर कॅमेरा रोखला व महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेतली. बीजास घाई करावयास सांगता येत नाही. तेव्हा ज्याने त्याचे चित्र घ्यावयाचे, त्यानेच त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे वागले पाहिजे. अखेर 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार झाला. बी फुटून वेल वर चढताना पाहून प्रेक्षक चकित झाले व कर्जाऊ भांडवल मिळाले. कॅमेरा जीव शोषतो असे ज्यांस वाटत होते, त्यांच्याच देशात कॅमेऱ्याने जिवाची वाढ दाखवून दिली.

त्यातून 'राजा हरिश्चंद्र' जन्मास आला व 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात झळकला. काही चित्रण आपल्यापासून फार दूर नसलेल्या वांगणीच्या परिसरात झाले होते. पत्नी सरस्वतीबाई स्वयंपाकपाणी सांभाळून फिल्म धूत, तिला छिद्रे पाडीत, आणि उन्हाचा प्रकाश नटांवर परतावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. भालचंद्राने रोहिदासाची भूमिका केली. पुढे मूकपटांचा काळ संपला आणि उतारवय हलाखीत गेले. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. 1969 पासून त्यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार हा चित्रपटक्षेत्रातील राष्ट्राचा सर्वोच्च सन्मान मानला जातो.

विद्यार्थी मित्रहो, पुढील सहलीत वाटाण्याची ती कुंडी आठवा. दहा पिंजऱ्यांपुढून धावण्यापेक्षा एकापुढेच अर्धा तास उभे राहा. जाळी असल्यास, बाहेरच्या कठड्यावरून वाकून न जाता, जितके जवळ जाता येईल तितके भिंग जाळीजवळ न्या आणि प्राणी जाळीपासून दूर मागे जाईल तो क्षण साधा. म्हणजे तारा पुसट होऊन जवळजवळ नाहीशा होतील. काच असल्यास भिंग तिला टेकवा व झगमगता दिवा बंद ठेवा. प्राणी बसला असेल तर आपणही खाली बसा, म्हणजे त्याची नजर आपल्या नजरेस मिळेल. ऊन प्रतिकूल असेल तर सरस्वतीबाईंची चादर तेथे धरता येणार नाही. सूर्य सरकेपर्यंत थांबावे. मात्र त्याने मान वळवावी म्हणून खडे मारणे वा आरोळ्या ठोकणे हे सर्वथा त्याज्य होय. तो बिचारा आधीच बंदिवान आहे. निदान मान केव्हा वळवावी, एवढे तरी स्वातंत्र्य त्याजकडे राहू द्यावे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा पिंजऱ्यापुढे रेंगाळला तर त्याचा हात धरून ओढू नका. गिरगावातील त्या चित्रगृहात एका पित्याने मुलाचे नवल हसण्यावारी नेले नाही, म्हणूनच पुढचे सारे घडले.