आक्षेप नेमका कशावर होता?

आपल्या सभांमध्ये विरोधी पुढाऱ्याला बांगड्या भरायला सांगणे, बायल्या म्हणणे हे काही नवीन नाही. हमखास टाळ्या पडतात. मीही त्या वाजवल्या आहेत. कुणी हरकत घेतलीच तर हा राजकीय विरोध आहे, समलिंगी माणसांचा यात काय संबंध, असे उत्तर मिळते. दुसरीकडे, समलिंगी नेत्याच्या राजकारणावर टीका होताच तिला द्वेष ठरवून मोकळे होणारेही आहेत. दोघांनीही बायर्ड रस्टिन यांचे आयुष्य एकदा नीट पाहावे.

रस्टिन यांचा जन्म १७ मार्च १९१२ रोजी पेनसिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टर येथे झाला. या कृष्णवर्णीय मुलाला आजी-आजोबांनी वाढवले. आजीवर क्वेकर पंथाचे संस्कार होते. अहिंसेचे वळण तिचेच. तरुणपणी ते कम्युनिस्टांच्या युवक संघटनेत होते. १९४१ साली ती सोडून ते कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्याकडे आणि फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या शांततावादी संघटनेत आले. महायुद्धात सैन्यभरती नाकारून तुरुंगात गेले. १९४७ साली बसमधला वर्णभेद मोडण्यासाठी गोऱ्या-काळ्या साथीदारांसह दक्षिणेत प्रवास केला आणि त्याबद्दल नॉर्थ कॅरोलिनात साखळदंडाच्या टोळीत २२ दिवस मजुरी केली. रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला तो १९५५ साली, हे लक्षात घ्यावे.

जानेवारी १९५३ मध्ये पॅसाडेना येथे पोलिसांनी त्यांना दोन पुरुषांसह मोटारीत पकडले. साठ दिवसांची शिक्षा झाली. प्रौढांच्या संमतीची ही गोष्ट तेव्हा तिथे गुन्हा होती, जशी ती आपल्याकडे ३७७ कलमाखाली ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत होती. बारा वर्षे ज्या संघटनेसाठी राबले, तिचा त्यांना राजीनामा द्यावा लागला.

१९५६ साली ते माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांचे सल्लागार झाले. १९६० साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनावर निदर्शने करायचे ठरले, ते हार्लेमचे कृष्णवर्णीय खासदार अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांना नको होते. निदर्शने का चुकीची, हे त्यांना सांगता आले असते. त्याऐवजी, किंग आणि रस्टिन यांचे संबंध आहेत अशी आवई उठवू, अशी धमकी त्यांनी पोहोचवली. किंग मागे सरले, रस्टिन यांनी राजीनामा दिला. लेखक जेम्स बाल्डविन यांनी यावरून किंग यांना जाहीर दोष दिला. मला तो रास्त वाटतो.

१९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची वेळ आली तेव्हा रॉय विल्किन्स यांनी रस्टिन यांना प्रमुख करायला विरोध केला. माझा आकस नाही, पण शत्रू याचा वापर करील, असा त्यांचा मुद्दा. हा युक्तिवाद आपण ओळखतो. लोक काय म्हणतील म्हणून अमक्याला पुढे करू नका, हे आपल्या वाट्याला कमी आलेले नाही. रँडॉल्फ यांनी तोडगा काढला: प्रमुख स्वतः झाले आणि सगळे काम रस्टिन यांच्या हाती दिले. रस्टिन यांनी सुमारे दोन महिन्यांत बसगाड्या, जेवण, शौचालये, ध्वनिक्षेपक आणि पिस्तूल न बाळगणाऱ्या काळ्या पोलिसांचे स्वयंसेवक दल उभे केले. २८ ऑगस्टला अडीच लाख लोक आले. त्याआधी १३ तारखेला सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी सिनेटमध्ये पॅसाडेनाचे प्रकरण बाहेर काढले होते. या वेळी मात्र सगळे नेते, विल्किन्ससुद्धा, रस्टिन यांच्यामागे उभे राहिले. (नीतीचे हे रखवालदार २००३ साली वारल्यावर, घरातल्या काळ्या मोलकरणीपासून त्यांना मुलगी होती हे उघड झाले.)

कोर्टात आम्ही पुरावा आला की आधी विचारतो, वादाच्या मुद्द्याशी याचा संबंध काय? पॅसाडेनाचा मोर्चाच्या मागण्यांशी काडीचा संबंध नव्हता.

आता दुसरी बाजू. १९६५ नंतर रस्टिन डेमोक्रॅटिक पक्ष आणि कामगार संघटनांशी युती करा म्हणू लागले. व्हिएतनाम युद्धाबाबत त्यांनी गुळमुळीत भूमिका घेतली, ब्लॅक पॉवरला विरोध केला. जुने शांततावादी सोबती तुटले. ही टीका कडवट होती. पण त्यांच्या निर्णयांवर होती, तिला समलिंगीद्वेष म्हणता येणार नाही. मी त्या काळी असतो तर मीही त्यांच्याशी भांडलो असतो. त्याच टीकेत कुणी त्यांच्या पुरुषपणावर घसरले, तर तेवढा भाग द्वेषाचाच.

विशेष म्हणजे ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या पँथरने नाव घेतले, त्यांचे नेते ह्युई न्यूटन यांनी ऑगस्ट १९७० मध्येच कार्यकर्त्यांना बजावले होते, की समलिंगी माणसांसाठीच्या शिव्या तोंडातून काढून टाका, निक्सनसारख्या शत्रूलाही त्या देऊ नका. शिवी निक्सनला दिली तरी लागते दुसऱ्यालाच, हे त्यांना कळले होते.

१९८२ साली रस्टिन यांनी आपल्या सहचराला कायद्याने दत्तक घेतले. लग्नाची सोय नव्हती, वारसाहक्क तर हवा होता. एका वकिलाला ही पळवाट वाचताना लाज वाटते, पळवाटीची नव्हे, कायद्याची. १९८६ साली न्यूयॉर्कच्या समलिंगी हक्क विधेयकासाठी त्यांनी साक्ष दिली. २४ ऑगस्ट १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. २०१३ साली ओबामांनी मरणोत्तर पदक दिले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी पॅसाडेनाच्या शिक्षेची माफी जाहीर केली. व्हिएतनामवरून त्यांच्याशी भांडण अजूनही चालू आहे, आणि ते त्यांच्या चाहत्यांमध्येच आहे.