तबकडीचा जनक एमिल बर्लिनर

कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचे चित्र आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. निदान त्यांच्या आजोबांनी तरी खात्रीने पाहिलेले आहे. परंतु ज्या यंत्रापुढे तो इमानी प्राणी बसला आहे, ते कोणी निर्माण केले असे विचारल्यास बहुधा एडिसनचे नाव पुढे येते. एडिसनची थोरवी आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. तथापि तबकडीचा ग्रामोफोन हे त्याचे अपत्य नव्हे. तो मान एमिल बर्लिनर ह्याचा. अलीकडे माळ्यावरची जुनी यंत्रे खाली काढून ती पुन्हा वाजती करण्याची हौस कित्येक घरी दिसते. अशा वेळी ह्या पुरुषाचे चरित्र विद्यार्थ्यांस व पालकांस सादर करणे आम्हांस उचित वाटते.

बर्लिनरचा जन्म ता. २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोवर शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. वडील व्यापारी असून धर्मग्रंथांचे व्यासंगी होते, व आईस संगीताची आवड होती. घरी तेरा भावंडे. तेव्हा चौदाव्या वर्षीच त्याचे शाळेतील शिक्षण संपले. प्रथम छापखान्यात व नंतर कापडाच्या दुकानात त्याने उमेदवारी केली. इ. स. १८७० मध्ये तो अमेरिकेस गेला आणि वॉशिंग्टन येथे एका ओळखीच्या गृहस्थाच्या दुकानात नोकरीस राहिला. पुढे न्यूयॉर्कमध्ये मिळेल ते काम करीत असता त्याने एका रसायनशाळेत बाटल्या धुण्याचेही काम पत्करले, व रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला. त्याचे पुढील सर्व ज्ञान ह्या रात्रींच्या पायावर उभे आहे.

इ. स. १८७७ मध्ये त्याने टेलिफोनसाठी नव्या धर्तीचा ध्वनिग्राहक तयार केला. बेल कंपनीने त्याचे हक्क विकत घेऊन त्यास आपल्या नोकरीत घेतले. ह्या यशाने पोटाची चिंता मिटली, आणि काही वर्षांनी नोकरी सोडून तो वॉशिंग्टन येथे स्वतंत्रपणे संशोधन करू लागला.

आता ग्रामोफोनची गोष्ट. एडिसनने इ. स. १८७७ मध्ये जे बोलके यंत्र केले, त्यात ध्वनी एका नळकांड्यावर उमटे. सुई वरखाली होऊन पृष्ठभागावर उंचसखल खुणा करी. ह्या खुणा इतक्या उथळ असत की सुईला पुढे नेण्याचे काम त्यांच्यावर सोपविता येत नसे. त्यासाठी आटे पाडलेला निराळा दांडा लागे. बर्लिनरने विचार उलट दिशेने केला. सुई वरखाली न हलता डावीउजवीकडे हलली तर? मग चरीची खोली सर्वत्र सारखी राहते, तिच्या दोन्ही भिंती सुईस आधार देतात, आणि तबकडी फिरू लागली की चरच सुईला कडेकडून मध्याकडे ओढून नेते. आटेदार दांड्याची गरजच उरत नाही! आमच्या मते त्याची खरी प्रतिभा येथे दिसते.

जस्ताच्या तबकडीवर मेणाचा पातळ लेप देऊन त्यावर सुईने रेघ उमटवावयाची, व मग ती तबकडी क्रोमिक आम्लात ठेवावयाची, अशी त्याची रीत होती. जेथे मेण खरवडले गेले असेल तेथे आम्ल जस्तास खाते व चर तयार होते. अशा तबकडीवरून धातूचा उलटा ठसा घेतला की त्यापासून हव्या तितक्या प्रती छापता येत. छापखान्यातील उमेदवारी फुकट गेली नाही असे म्हणावयास हरकत नाही. ग्रामोफोनचे पेटंट त्यास इ. स. १८८७ मध्ये मिळाले, व ता. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने विद्वानांसमोर यंत्र वाजवून दाखविले.

तथापि चरीने सुई ओढावयाची म्हणजे सुई धरणारा दांडा अगदी मोकळा हालला पाहिजे, आणि येथेच अडचण होती. आरंभीच्या यंत्रांत कर्ण्याचे ओझेही त्याच दांड्यावर असे, व ते सर्व त्या बिचाऱ्या चरीस ओढावे लागे. शिवाय तबकडी हाताने फिरवावी लागे. हात अडखळला की गाणेही अडखळे. न्यू जर्सीतील कॅम्डेन गावचा कारागीर एल्ड्रिज जॉन्सन ह्याने इ. स. १८९६ मध्ये सारख्या वेगाने फिरणारे किल्लीचे यंत्र करून दुसरी अडचण दूर केली. काही वर्षांनी त्यानेच कर्ण्याचे वजन निराळ्या आधारावर ठेवून निमुळता, पोकळ व मोकळा वळणारा दांडा बसविला, तेव्हा पहिलीही मिटली.

जुने यंत्र दुरुस्त करणाऱ्यांनी हे तत्त्व ध्यानात ठेवावे. यंत्र कलते असेल तर दांडा आपल्याच वजनाने एका बाजूस घसरतो, व चरीच्या एकाच भिंतीवर भार पडून ती झिजते; म्हणून प्रथम यंत्र समपातळीत ठेवावे. दांड्याचा सांधा कोठेही अडू नये. किल्लीच्या यंत्रांत सुईवर शंभर ग्रामांहून अधिक भार पडे. पुढील काळच्या विजेच्या यंत्रांत तो दोन ग्रामांच्या आसपास आणला गेला, त्यामुळे तोल अधिकच नाजूक झाला. तेथे मागचे वजन सरकवून दांडा तराजूप्रमाणे आडवा तरंगेल असे करावे, व मग लागेल तेवढाच भार द्यावा. इ. स. १९६१ मध्ये अमेरिकेतील एडगर व्हिल्चर ह्याच्या यंत्रात तबकडीची थाळी व दांडा ही दोन्ही एकाच सांगाड्यावर, तीन स्प्रिंगांवर ठेवलेली होती. जमीन हादरली तरी दोन्ही बरोबरच हलतात, आणि सुई चर सोडीत नाही. अशा यंत्राची थाळी हलकेच दाबून सोडली असता सरळ वरखाली झाली पाहिजे. ती वाकडी डोलू लागली तर स्प्रिंगांचा ताण कमीअधिक करून घ्यावा.

बर्लिनरच्या पहिल्या तबकड्या इ. स. १८८९ च्या सुमारास जर्मनीत खेळण्यातील ग्रामोफोनांबरोबर विकल्या गेल्या. त्या अवघ्या ५ इंचांच्या होत्या. पुढे त्याने कठीण रबर वापरून पाहिले, परंतु ते समाधानकारक ठरले नाही. शेवटी बटणे तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या मिश्रणाने काम साधले. त्या मिश्रणातील मुख्य द्रव्य लाख! पळस, बोर व कुसुम ह्या झाडांवर पोसलेल्या किड्यांची ही लाख मुख्यतः आपल्याच देशातील अरण्यांतून परदेशी जाई. इ. स. १९०२ मध्ये बर्लिनरचा जुना सहकारी फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला व त्याने गौहर जान ह्या गायिकेचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या हॅनोवर येथे, बर्लिनर बंधूंनी काढलेल्या कारखान्यात छापून परत हिंदुस्थानात आल्या. लाखही इकडची व गळाही इकडचा. प्रवास मात्र बर्लिनरच्या जन्मगावापर्यंत!

ह्या सुमारास खुद्द बर्लिनरवर मोठाच प्रसंग ओढवला होता. त्याचा माल विकणारा आडत्या प्रतिपक्षास मिळाला, आणि इ. स. १९०० मध्ये न्यायालयाच्या मनाईमुळे शोधकर्त्यासच आपले यंत्र अमेरिकेत विकता येईना. त्याचे हक्क जॉन्सनकडे गेले व इ. स. १९०१ मध्ये जॉन्सनने व्हिक्टर कंपनी स्थापिली. बर्लिनरने कॅनडातील माँट्रियल येथे आपला व्यवसाय चालू ठेवला. त्याने पुढची वर्षे कटुतेत घालविल्याचे दिसत नाही.

उलट त्याचे लक्ष निराळ्याच गोष्टीकडे वळले. त्याची तान्ही मुलगी पोटाच्या विकाराने फार आजारी पडली असता, नासके दूध किती बालकांचा घात करते हे त्याच्या ध्यानात आले. इ. स. १९०१ मध्ये त्याने रोगप्रतिबंधासाठी एक संस्था काढली, आणि दूध तापवून निर्जंतुक केल्यावाचून मुलांस देऊ नये ह्यासाठी पत्रके वाटली व लेख लिहिले. लहान मुलांसाठी आरोग्यविषयक पद्येही रचली. आईच्या नावे त्याने शास्त्राभ्यास करणाऱ्या स्त्रियांसाठी एक शिष्यवृत्ती ठेविली. उतारवयात पुत्र हेन्री ह्यासह तो सरळ वर उडणाऱ्या विमानाच्या खटपटीत होता.

इ. स. १९२९ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने, म्हणजे जेथे त्याने चाळीस वर्षांपूर्वी आपली तबकडी वाजविली होती त्याच संस्थेने, त्यास आपले पदक अर्पण केले. त्याच वर्षी ता. ३ ऑगस्ट रोजी वॉशिंग्टन येथे त्याचा अंत झाला. आपल्या अंत्यविधीवर खर्च करू नये, ते द्रव्य तान्ही मुले असलेल्या गरीब मातांस द्यावे व आपणास सूर्यास्ताच्या सुमारास पुरावे, असे तो घरच्यांस लिहून ठेवून गेला होता.