शोगुनचा पाइन आणि बाल्कनीतले नांदरूक

मृगाच्या एकदोन सरी पडून गेल्या की मी बाल्कनीत जुनी वर्तमानपत्रे पसरतो, कात्री, बांबूची काडी आणि विटांच्या चुऱ्याचा डबा घेऊन बसतो आणि नांदरुकाला कुंडीतून बाहेर काढतो. दर दोन वर्षांनी हा सोहळा असतो. बावीस वर्षांपूर्वी शेजारच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या नळाला चिकटून उगवलेले हे रोप प्लंबरने उपटून फेकले होते. आज त्याची उंची दीड फूट आहे. त्याला पारंब्या आहेत, आणि वटपौर्णिमेला आमच्या मजल्यावरच्या दोघीतिघी, हा वड नव्हे हे ठाऊक असूनही, त्याला दोरा गुंडाळून जातात.

मुळांचा तिसरा हिस्सा कापायचा असतो. कापले की पांढरा चीक टपटप गळतो. सुरुवातीला माझा हात थरथरत असे. आता थरथरत नाही, आणि याचेच मला कधी कधी वाईट वाटते. मुळे कापताना मला हटकून आठवण येते ती एका माणसाची. त्याला मरून पावणेचारशे वर्षे झाली. त्याचे एक झाड मात्र टोकियोच्या राजवाड्यात अजून जिवंत आहे. तोकुगावा इएमित्सु हे त्याचे नाव. तोकुगावा घराण्यातला तो तिसरा शोगुन, म्हणजे सम्राटाच्या नावाने जपानवर प्रत्यक्ष राज्य करणारा सरसेनापती.

इएमित्सुचा जन्म 1604 चा. आजोबा इएयासु यांनी शेकडो सरदारांना नमवून आदल्याच वर्षी शोगुनपद मिळवले होते. बाप हिदेतादा दुसरा शोगुन झाला. पोरगा अशक्त, आजारी, बोलताना अडखळणारा. आईबापांचा जीव धाकट्या मुलावर, तादानागावर. तो देखणा आणि चलाख होता. दरबारी मंडळीही वारा पाहून धाकट्याकडे झुकू लागली. थोरल्याच्या बाजूने उभी राहिली ती एकटी त्याची दाई. पुढे कासुगा या नावाने ओळखली गेलेली ही बाई विलक्षणच. तिच्या बापाला बंडखोराचा सरदार म्हणून मारले गेले होते. सांगतात ते असे, की इसेच्या तीर्थयात्रेचे निमित्त करून ती एदोहून निघाली, वाटेत निवृत्त इएयासुला भेटली आणि तिने पोराची कैफियत मांडली. म्हातारा एदोला आला. त्याने थोरल्या नातवाला आपल्याजवळ बसवले आणि धाकट्याला खाली, इतरांच्या रांगेत. वारस ठरला.

1623 मध्ये इएमित्सु शोगुन झाला. बाप 1632 पर्यंत जिवंत होता आणि तोवर खरी सूत्रे त्याच्याच हातात होती. बाप गेला आणि पोराने हात मोकळे केले. तादानागाविरुद्ध नोकरांना ठार मारल्याच्या, वेडाचाराच्या तक्रारी होत्याच. त्याला आधीच नजरकैदेत टाकले होते. 1633-34 च्या हिवाळ्यात त्याला पोट चिरून घ्यावे लागले. वय अठ्ठावीस. त्याच्या बाळपणीच्या नावांपैकी एक होते कुनिमात्सु. त्यातल्या मात्सुचा अर्थ पाइन.

त्या काळी बोन्साय हा शब्द रूढ नव्हता. कुंडीतले झाड एवढेच म्हणत. कला मूळची चीनची. बौद्ध भिक्षूंबरोबर जपानात आली आणि मठांतून सरदारांच्या वाड्यात शिरली. नो नाटकांत तर एका गरीब सामुराईची गोष्टच आहे: बर्फात अडकलेल्या पांथस्थाला ऊब मिळावी म्हणून तो आपली शेवटची तीन कुंडीतली झाडे चुलीत घालतो. इएमित्सुला अशा झाडांचे वेड होते. त्याच्याकडचा म्हणून परंपरेने ओळखला जाणारा पाच सुयांचा पाइन शोगुनशाही संपल्यावर अनेक हातांतून फिरून सम्राटाच्या संग्रहात पोचला. त्याचे वय पाचशे वर्षांहून अधिक मानतात. म्हणजे इएमित्सुला तो मिळाला तेव्हाच तो जुना होता. त्याच्यावर तिसऱ्या शोगुनचे नाव लागले ते लावणाऱ्याचे म्हणून नव्हे, सांभाळणाऱ्याचे म्हणून.

या वेडाची एक आख्यायिका आहे. शोगुन झाडांत इतका रमला, की कारभाराकडे दुर्लक्ष होऊ लागले. तेव्हा ओकुबो हिकोझाएमोन या आजोबांच्या वेळच्या म्हाताऱ्या शिलेदाराने त्याची लाडकी कुंडी उचलली आणि त्याच्या डोळ्यांदेखत अंगणात भिरकावली. हा ओकुबो पुढच्या काळातल्या कथेकऱ्यांचा आवडता नायक, तेव्हा गोष्ट कितपत खरी मानायची हा प्रश्नच आहे. तरी मला ती पटते ती एका कारणासाठी. त्या म्हाताऱ्याचे डोके उडवले गेले नाही, असे गोष्ट सांगणाऱ्यांनाही वाटले. इएमित्सुच्या दरबारात ही क्षमा स्वस्त नव्हती.

कारण हा माणूस कारभाराकडे दुर्लक्ष करणारा मुळीच नव्हता. 1635 मध्ये त्याने सरदारांसाठी नियम बांधून दिला. प्रत्येकाने आळीपाळीने एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत राहायचे. बायकामुले मात्र कायम एदोतच. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन कळते. मुलांची शाळा पुण्यात आणि आपण बदलीच्या गावी भाड्याच्या खोलीत, हे आमच्या पिढीने पुष्कळ केले. फरक इतकाच, की आमची बायकामुले ओलीस नव्हती. एदोच्या वेशीवरच्या नाक्यांवर दोन गोष्टींवर करडी नजर असे. आत येणाऱ्या बंदुका आणि बाहेर जाणाऱ्या बायका. जाण्यायेण्याच्या मिरवणुकींत, दोन-दोन वाड्यांच्या खर्चात सरदार खंक होत गेले. बंडाला पैसा उरला नाही.

त्याच वर्षी दुसरा हुकूम निघाला. जपानी माणसाने देशाबाहेर जायचे नाही, आणि बाहेर असलेल्याने परत यायचे नाही. आला तर मृत्युदंड. आयुथ्या, मनिला, होई आन इथे जपानी व्यापाऱ्यांच्या वस्त्या होत्या. त्यांतली माणसे एका कागदाने कायमची परदेशी झाली.

धर्माची गोष्ट याहून भयंकर. जपानात ख्रिस्ती धर्म गेला तो आपल्या किनाऱ्यावरून. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून 1549 मध्ये कागोशिमाला उतरला. वसईचा गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, तेव्हा इएमित्सु जन्मलाही नव्हता. छळाची सुरुवात त्याने केली नाही. त्याने ती पूर्णत्वाला नेली. तो शोगुन झाला त्याच वर्षाच्या अखेरीस एदोत पन्नास ख्रिस्ती जाळले गेले. 1637 मध्ये शिमाबाराचे शेतकरी उठले. त्यात धर्म होता तसाच जुलमी सारा होता. हारा किल्ल्यात कोंडलेली सुमारे सदतीस हजार माणसे, बायकापोरांसह, 1638 च्या वसंतात मारली गेली. सारा पिळणाऱ्या तिथल्या सरदाराचेही डोके उडवले गेले, हेही सांगायला हवे. इएमित्सुचा न्याय असा दोन्हीकडून धार असलेला होता. 1639 मध्ये पोर्तुगीजांना बंदी झाली. पुढच्या वर्षी मकाववरून व्यापार पुन्हा सुरू करण्याची विनंती घेऊन आलेल्या जहाजावरच्या एकसष्ट जणांना नागासाकीत मारले आणि तेरा जणांना निरोप सांगायला परत धाडले. 1641 पासून डच तेवढे देजिमा या चिमुकल्या बेटावर राहिले.

आपल्याकडे तेव्हा काय चालले होते? 1630 मध्ये शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. त्याच सुमाराला दख्खन दुष्काळाने होरपळत होते. 1636 मध्ये निजामशाही बुडाली. त्याच 1636 मध्ये इएमित्सुने निक्कोच्या डोंगरात आजोबांचे मंदिर सोन्यालाखेने मढवून पुरे केले.

देशाला कुंडीत लावणारा शोगुन, ही उपमा इथे कोणालाही सुचेल. मलाही सुचली होती, आणि एका कादंबरीच्या टिपणवहीत मी ती झोकात लिहूनही ठेवली होती. आता ती मला सोपी वाटते. बोन्साय खुजे असते ते उपाशी ठेवल्यामुळे, असा गैरसमज त्या उपमेत आहे. उपाशी झाड मरते. उथळ कुंडीतले झाड दुसऱ्या कोणत्याही झाडापेक्षा जास्त लक्ष मागते. एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा पाणी, पावसाळ्यात बुडाची भोके तुंबली नाहीत ना याची रोज तपासणी. इएमित्सुच्या जपानने नंतर दोनशे वर्षे लढाया पाहिल्या नाहीत. अठराव्या शतकात एदो दहा लाख वस्तीचे शहर झाले, आणि शिपाईगड्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे कुंड्यांत झाडे लावू लागले. हे सगळे खरे. आणि हाराच्या तटाआडची माणसे फांद्या नव्हती, हेही खरे.

मला अडते ते दुसरीकडे. झाडे जपणारा माणूस आतून मऊ असतो, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती आम्हा बागवाल्यांची स्वतःबद्दलची समजूत असते. माझ्या नोकरीत एका शाखेत एक साहेब होते. गुलाबावरचा मावा ते कापसाने, एकेक पान धरून पुसत. त्याच हातांनी त्यांनी एका शिपायाची रजा, त्याची आई अत्यवस्थ असताना, दोनदा नामंजूर केली. हा विरोध आहे असे तेव्हा वाटले होते. आता वाटते, विरोध कसला? झाड उलटून बोलत नाही.

आणि मी तरी काय? आपल्या उष्ण हवेतल्या झाडांना जपानी पुस्तकातले वेळापत्रक लागू पडत नाही. पाइनला थंडीची झोप हवी. त्याच्या फांदीवर तार कित्येक महिने चालते. नांदरूक, उंबर, पिंपळ हे पावसात इतके भराभर जाडावतात, की पाचसहा आठवड्यांत तार सालीत रुतते. एका पावसाळ्यात मी तार तशीच ठेवून मुलीकडे दोन महिने जाऊन राहिलो. पाणी घालायला शेजारी होते. तार पाहायला कोणी नव्हते. परत आलो तेव्हा ती सालीखाली गेली होती. तुकडे करून काढावी लागली. पीळ पडल्यासारखा तो व्रण अजून आहे. पाहुणे त्याला सुंदर म्हणतात.

1642-43 मध्ये जपानात मोठा दुष्काळ पडला. सरदारांना नाडणाऱ्या शोगुनला शेतकऱ्याकडे पाहावे लागले. जमिनी कायमच्या विकायला बंदी झाली, उधळपट्टीवर निर्बंध आले. 1643 मध्येच कासुगा गेली. 1629 मध्ये इएमित्सुला देवी आल्या होत्या. तो वाचावा म्हणून तिने पुन्हा कधी औषध घेणार नाही असा नवस केला होता. शेवटच्या दुखण्यात खुद्द शोगुनने औषध घेण्याची गळ घातली तरी तिने ते घेतले नाही, असे सांगतात. भावाचा जीव घेणाऱ्या या माणसाचे त्या मरणाने काय झाले असेल, यावर कादंबरी लिहावी असे मला फार वाटले होते. जमले नाही.

1651 मध्ये, पन्नाशीच्या आत, तो वारला. त्याच्यामागे काही निष्ठावंतांनी पोट चिरून घेतले. वारस दहा वर्षांचा. निक्कोलाच त्याची समाधी आहे. ती मुद्दामच आजोबांच्या मंदिरापेक्षा साधी ठेवली आहे. 1638 मध्ये त्याने बांधलेला एदो किल्ल्याचा उत्तुंग बुरूज 1657 च्या आगीत जळाला. तो पुन्हा बांधलाच नाही. दगडी जोते तेवढे राजवाड्याच्या बागेत उभे आहे. सरदारांच्या हजेरीचा नियम 1862 मध्ये सैल केला, त्यांच्या बायकामुलांना घरी जाऊ दिले, आणि सहा वर्षांत शोगुनशाही संपली. त्याच राजवाड्याच्या आवारात, सहसा लोकांना न दाखवता, पाइन सांभाळला जातो. माळी बदलतात. पाणी चुकत नाही.

माझी मुलगी राहते तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. नांदरूक तिकडे टिकणार नाही. खालच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा हल्ली मुळे कापताना येऊन बसतो. परवा त्याने कात्री मागितली. मी आधी पाण्याची झारी दिली. कापणी झाल्यावर पंधरा दिवस झाडाला कडक ऊन दाखवायचे नाही, खत द्यायचे नाही, आणि रुजले का हे पाहायला हलवायचे तर मुळीच नाही. आज अकरावा दिवस आहे.