किडीचे शिष्यत्व पत्करणारे शास्त्रज्ञ : सर आल्बर्ट हॉवर्ड

थंडीचे दिवस सुरू झाले, की शाळेच्या वाफ्यातील शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर गडद रंगाचे बारीक कण दाटीने चिकटलेले दिसू लागतात. मुंग्या त्यांच्याभोवती लगबगीने ये-जा करीत असतात आणि खालची पाने चिकट होऊन चकाकतात. ही कीड म्हणजे मावा. मागील हिवाळ्यात सातवीतील एका मुलाने मला विचारले, की हा शेवंतीवरील मावा आणि त्याच्या घरच्या भेंडीवरील मावा एकच आहे काय? मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. मला उत्तर देता आले नाही. ते शोधू लागलो आणि शोधता शोधता एका थोर पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. त्या पुरुषाने आपल्या आयुष्याची सात वर्षे याच इंदूर नगरीत वेचली होती.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. माव्याच्या जगात सुमारे पाच हजार जाती ज्ञात आहेत. स्वीडनचे विख्यात शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ साली अशा किडींना ॲफिस या नावाखाली एकत्र केले. नुसत्या रंगावरून मावा ओळखू पाहणारा मात्र हमखास फसतो. भेंडीवर व कापसावर येणारा मावा एकाच जातीचा असूनही कधी पिवळसर, कधी हिरवा, तर कधी काळपट दिसतो. म्हणून जाणकार भिंगाखाली त्याचे अवयव पाहतात. स्पर्शिकांना किती पेरे आहेत, दोन स्पर्शिकांमधील कपाळ सपाट आहे की उंचवट्याचे, पाठीच्या मागील टोकाकडील दोन नळ्या आखूड आहेत की लांब, शेपटीचा आकार कसा आहे आणि तिच्यावर केस किती आहेत, अशा खुणांवरून जात ठरते. शेवंतीवरील गडद तपकिरी, चकाकणारा मावा हा सहसा भेंडीवरील माव्याहून निराळ्या जातीचा असतो.

जात तर ठरली. पण एका कुंडीवर मावा येतो आणि शेजारची कुंडी स्वच्छ राहते, हे कसे? या प्रश्नाचा ज्यांनी जन्मभर पाठपुरावा केला, ते सर आल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. नांगर, गुरे आणि शेणखत यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. पुढे लंडन व केंब्रिज येथे विज्ञानाचे उच्च शिक्षण घेऊन १८९९ साली ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर गेले. तेथे उसावरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास त्यांच्याकडे होता. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहावी, तिचे वर्णन करावे, तिला योग्य वर्गात बसवावे आणि शेतकऱ्यांना उपाय सांगावा, असे ते काम. परंतु सांगितलेला उपाय स्वतः करून पाहावा, तर हाताशी जमिनीचा तुकडाही नव्हता. शेतकऱ्याच्या या मुलाला ही उणीव बोचू लागली. ज्याने स्वतः पीक काढले नाही, त्याने दुसऱ्याला पिकाविषयी उपदेश कोणत्या अधिकाराने करावा, असा प्रश्न त्यांना पडला.

१९०३ साली ते मायदेशी केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात आले. केंटमध्ये हॉप नावाच्या वेलाचे मळे आहेत. बिअरला कडवट चव येते ती या वेलाच्या फुलांमुळे. माव्याची एक जात हॉपची जुनी वैरीण आहे. ती हिवाळा अंड्यांच्या रूपाने अलुबुखाराच्या वर्गातील झाडांवर काढते आणि उन्हाळ्याच्या आरंभी पंख फुटलेले मावे तेथून उडून हॉपच्या मळ्यात शिरतात. हॉपच्या मादी फुलांना नरवेलाचे पराग मिळू दिले, तर फुले लवकर पक्व होतात आणि वेल माव्याला व भुरी रोगाला अधिक नेटाने तोंड देतो, असे हॉवर्ड यांना आढळले. किडीला हातही लावला नव्हता. फक्त वेलाला त्याच्या निसर्गक्रमाने वाढू दिले होते. या अनुभवाने त्यांच्या विचाराला नवी दिशा मिळाली.

१९०५ साली ते हिंदुस्थानात आले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथेई यांच्याशी झाला. गॅब्रिएलबाई केंब्रिजमध्ये शिकलेल्या असून वनस्पतिशास्त्रातील संशोधनामुळे त्यांचे स्वतःचे नाव झाले होते. दोघांनी बिहारातील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत काम सुरू केले. हॉवर्ड यांच्या कार्याचे वर्णन करताना या विदुषीचा उल्लेख पुष्कळदा एका ओळीत उरकला जातो. वस्तुतः पुसा येथील बहुतेक ग्रंथांवर दोघांचीही नावे आहेत, आणि ते योग्यच आहे.

त्या काळी शेतात पेरला जाणारा गहू म्हणजे अनेक वाणांची सरमिसळ असे. या दांपत्याने निरनिराळ्या प्रांतांतील गव्हाच्या ओंब्या गोळा केल्या आणि त्यांची शरीरलक्षणे पाहून वर्गवारी केली. ओंबीला कुसळ आहे की नाही, तूस पांढरे की तांबूस, त्यावर लव आहे की ते गुळगुळीत आहे, दाणा कोणत्या रंगाचा आहे, अशा खुणा त्यांनी एकेक करून टिपल्या. माव्याची जात ठरविताना जी दृष्टी लागते, तीच येथेही होती. या वर्गीकरणावर आधारलेला त्यांचा हिंदुस्थानातील गव्हावरील ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. शुद्ध वाणांची निवड व संकर यांतून पुढे पुसा ४ व पुसा १२ यांसारखे गहू निघाले आणि उत्तर हिंदुस्थानच्या शेतांत पसरले. वर्गीकरण हे कोरडे पांडित्य नव्हे, त्यातून भाकरीही पिकते, हे या उदाहरणावरून समजून येईल.

पुसा येथे हॉवर्ड यांना बार्बाडोसमध्ये न मिळालेली वस्तू मिळाली, ती म्हणजे हक्काची जमीन. सुमारे पंचाहत्तर एकरांच्या या शेतात त्यांनी औषधे न फवारता पिके घेण्याचे ठरविले. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके पुष्कळ अंशी निरोगी असतात, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हा आपण साहेब आहोत, शास्त्रज्ञ आहोत, हा अभिमान बाजूला ठेवून त्यांनी दोन गुरू केले. एक गुरू हिंदी शेतकरी आणि दुसरा गुरू कीड. पिकावर कीड आली, की आपल्या मशागतीत कोठेतरी चूक झाली आहे, असे ते समजत आणि ती चूक शोधू लागत. स्वतःच्या शेतातील सकस चाऱ्यावर पोसलेले त्यांचे बैल शेजारच्या रोगट गुरांच्या अगदी जवळ जात, तरी त्यांना लाळ-खुरकताची बाधा होत नसे, हेही त्यांनी नोंदवून ठेवले आहे.

१९१० ते १९१८ या काळात उन्हाळ्यात ते बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे फळबागांवर प्रयोग करीत. तेथे त्यांची पुन्हा माव्याशी गाठ पडली. पाटाचे पाणी प्रमाणाबाहेर दिल्याने ज्या झाडांच्या मुळांना हवा मिळत नसे, त्यांच्या वसंतातील पालवीवर मावा येई. जमीन खोल उकरून मुळांना मोकळी हवा मिळवून दिली, की नंतर फुटणारी पाने निरोगी निघत. एकाच फांदीच्या बुडाशी माव्याने आकसलेली पाने आणि शेंड्याकडे टवटवीत पाने, असे दृश्य दिसे. कीड तीच आणि झाडही तेच. बदलली होती ती फक्त मुळाखालची माती. शेंड्यावरील रोगाचे कारण जमिनीखाली शोधावे, हा धडा हॉवर्ड यांनी माव्याकडून घेतला.

या सर्व अनुभवाचे फळ इंदुरास पक्व झाले. १९२४ साली येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली, तर मध्य हिंदुस्थानातील संस्थाने व मध्यवर्ती कापूस समिती यांनी पैसा पुरविला. हॉवर्ड संस्थेचे संचालक झाले. आज ज्या आवारात इंदूरचे कृषी महाविद्यालय आहे, तीच ही जागा.

माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि कापसाच्या मुळांचा श्वास कोंडतो. हॉवर्ड यांनी पाण्याचा निचरा सुधारला, आणि जमिनीतील सेंद्रिय अंश वाढविण्यासाठी खताची एक पद्धत सिद्ध केली. या कामी यशवंत वाड हे रसायनज्ञ त्यांचे निकटचे सहकारी होते. कापसाच्या व तुरीच्या पळकाट्या गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडून घेत. पालापाचोळा, तण, शेण, गोठ्यातील मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यांत रचीत, त्यांवर पाणी शिंपडीत आणि ठराविक दिवसांनी तीनदा ते वरखाली करीत. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, मातीसारखा वास येणारे खत तयार होई. आमच्या कोकणी घरी माडाच्या आळ्यात पाला व राख टाकण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे या पद्धतीचे वर्णन वाचताना मला ती ओळखीची वाटली. हॉवर्ड यांनीही हिंदी शेतकऱ्याच्या व चिनी कृषीच्या परंपरेकडे आदराने पाहिले होते. जे परंपरेने चालत आले होते, त्याला त्यांनी मोजमापाची व नियमाची जोड दिली.

हे काम पूर्ण होत आले असतानाच १९३० साली जिनीव्हा येथे गॅब्रिएलबाईंचे निधन झाले. पंचवीस वर्षांची सहचारिणी आणि सहसंशोधिका गेली. पुढच्या वर्षी हॉवर्ड सेवानिवृत्त होऊन मायदेशी परतले. त्याच १९३१ साली त्यांचा व वाड यांचा खतावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ही पद्धत इंदूर पद्धत या नावाने जगभर गेली. १९३४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९३५ साली महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हा त्यांनीही ही संस्था पाहिली. १९४० साली हॉवर्ड यांनी आपल्या कृषिविचारांचे सार एका ग्रंथात मांडले. आज सेंद्रिय शेती म्हणून जी ओळखली जाते, तिच्या आद्य पुरस्कर्त्यांत त्यांची गणना होते. २० ऑक्टोबर १९४७ रोजी ते निवर्तले.

हॉवर्ड यांचे सर्वच म्हणणे शास्त्रज्ञांनी मान्य केले नाही, हेही सांगितले पाहिजे. निरोगी पिकावर कीड येतच नाही, असा सरसकट नियम करता येत नाही. मावा बटाट्यासारख्या पिकांत एका झाडाचा विषाणुरोग दुसऱ्या झाडाला पोहोचवितो, आणि तो कोणत्या जातीचा आहे हे ठाऊक नसेल तर धोका किती मोठा आहे हे कळत नाही. तेव्हा स्पर्शिकांची पेरे मोजणाऱ्यांचे कामही तितकेच मोलाचे आहे. मात्र नत्रयुक्त खताचा अतिरेक झालेल्या कोवळ्या, लुसलुशीत पिकावर मावा झपाट्याने वाढतो, आणि वाटेल तशी विषारी औषधे फवारली तर मावा खाणारे ठिपकेदार ढालकिडेही मरतात, हे आता सर्वमान्य आहे. रोगाचे मूळ पिकाच्या संगोपनात शोधण्याचा हॉवर्ड यांचा आग्रह व्यर्थ नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, सातवीतील त्या मुलाला मी जात ओळखण्याच्या खुणा सांगितल्या आणि सोबत हे चरित्रही सांगितले. या हिवाळ्यात त्याने एक वही घातली आहे. कोणत्या कुंडीवर मावा आला, कोणती कुंडी स्वच्छ राहिली, पाणी कोणाला किती मिळाले आणि ऊन कोणाला किती, हे तो तारखेनिशी लिहितो. अद्याप त्याला कारण सापडलेले नाही. पण शेवंतीवर मावा दिसताच तो उपटून फेकण्याआधी तो आता खाली वाकून कुंडीतील माती बोटांनी चाचपून पाहतो.