पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० कि. मी. अंतरावरील वेरूळचे श्री घृष्णेश्वर मंदिर अठराव्या शतकातील होळकर घराण्याच्या दातृत्वाची साक्ष देत उभे आहे. या दातृत्वामागे सासूकडून सुनेकडे आलेला एक वारसा आहे.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी (आजचा अहिल्यानगर जिल्हा) येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. १७६१ मध्ये सासूबाई गौतमाबाई, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव व पुढच्याच वर्षी एकुलते पुत्र मालेराव निवर्तले.

गौतमाबाईंना १७३४ पासून स्वतःचे खासगी उत्पन्न होते. राज्याच्या तिजोरीपासून स्वतंत्र असलेले हे उत्पन्न त्यांच्या पश्चात अहिल्यादेवींकडे आले. स्वतःच्या सुखोपभोगाऐवजी त्यांनी ते दानधर्मास वाहिले. काशी, गया, सोमनाथ अशा क्षेत्री मंदिरे, तर ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे उभी राहिली. आलमपूर येथे मल्हाररावांच्या स्मरणार्थ त्यांनी छत्री बांधविली. महेश्वरी विणकरांना आश्रय देऊन त्यांच्या कुटुंबांची उपजीविका लावून दिली. विधवांचा पतीच्या मालमत्तेवरील हक्क राखला.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. आप्तजनांच्या वियोगाने रित्या झालेल्या घराची माया या माउलीने अनोळखी वाटसरूंना दिली. दिवंगत आप्तांच्या नावे एखाद्या गरजू कुटुंबास आधार देणे, हाच तिचा खरा वारसा होय. भाविकांनी श्रींच्या दर्शनसमयी तिचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करावे.